मधमाशीला नकोसें फूल

गतवर्षीं पावसाळ्यांत आमच्या शेजाऱ्यांच्या नातवास बागेंत गांधीलमाशी डसली. मूल दोन दिवस तापानें फणफणलें, आणि आजोबांनीं निश्चय केला कीं, ज्या झाडांकडे असले जीव फिरकत नाहींत तींच यापुढें अंगणांत लावावयाचीं. कोणीं तरी त्यांस पुदिन्याची शिफारस केली होती. पुदिना फुलला म्हणजे त्यावर मधमाशांची झुंबड उडते, हें त्या सल्लागारास ठाऊक नसावें!

प्राचीनांस या प्रश्नाची उलट बाजू परिचित होती. इसवी सनापूर्वी २९ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या कृषिकाव्यांत रोमन कवि व्हर्जिल पोळ्याजवळ यू वृक्ष असूं नये असें बजावतो. पण तें माशांच्या हितासाठीं. फूल मुळांत कोणासाठीं रंगतें, हें चिकाटीनें शोधिलें तें स्पांडाउ येथील शाळेचे मुख्याध्यापक स्प्रेंगेल यांनीं. रानटी जिरेनियमच्या पाकळ्यांच्या बुडाशीं असलेले बारीक केस १७८७ सालीं त्यांच्या नजरेस पडले. हे केस मध पावसापासून राखण्यासाठीं, आणि मध कीटकांसाठीं, असें त्यांनीं ताडिलें. १७९३ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. त्याचें चीज झालें नाहीं. पुढच्याच वर्षीं नोकरीही गेली. डार्विननें तो १८४१ सालीं वाचला, तेव्हां ग्रंथकारास जाऊन पंचवीस वर्षें झालीं होतीं.

पुढें हेस या नेत्रशास्त्रज्ञानें मधमाशी रंगांध ठरविली. तरुण कार्ल फॉन फ्रिश यांस तें पटेना. करड्या छटांच्या चौकोनांत एक निळा चौकोन मांडून त्यावर त्यांनीं साखरेचें पाणी ठेविलें. मग पाणी काढून घेतलें तरी माशा निळ्यावरच उतरल्या. तांबडा मात्र त्यांना काळ्याहून निराळा ओळखतां येईना. हें १९१४ सालीं प्रसिद्ध झालें. यावरून ‘तांबडीं फुलें लावा’ हा उपदेश कोणासही सुचेल. परंतु तो अर्धाच खरा. युरोपांतील शेतांतली तांबडी खसखस जांभळ्यापलीकडचे किरण परावर्तित करते. ते आपणांस दिसत नाहींत, मधमाशीस दिसतात.

त्यापेक्षां भरगच्च पाकळ्यांचीं फुलें बरीं. रूसोनें वनस्पतिशास्त्रावरील पत्रांत त्यांस विद्रूप म्हणून हिणविलें आहे. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून परागाची आशा थोडी.

मीं शेजाऱ्यांस हें सर्व सांगितलें, आणि झाडाखालीं कुजणारे पेरूही दाखविले. गांधीलमाशा तेथेंच घोंघावत होत्या. पेरू त्यांनीं उचलविले. भोपळ्याचा वेलही, पिवळ्या फुलांवर माशा येतात म्हणून, ते उपटणार होते. पण माशा न आल्या तर भोपळे कोठून धरणार, असें म्हणून त्यांच्या पत्नीनें हात लावूं दिला नाहीं.