माकडाचं पेटंट आणि माणसाची पेशी

कोडमधला एखादा वाइल्डकार्ड चुकीच्या जागी पडला की काय काय गिळून टाकतो, हे आपल्या जमातीला वेगळं सांगायला नको. पेटंटच्या कागदावरही असे शब्द असतात. आजची गोष्ट अशाच एका शब्दाची. शब्द आहे 'प्रायमेट'.

अमेरिकेत मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन नावाचे संशोधक होते. त्यांनी ऱ्हीसस माकडाच्या भ्रूणातून मूलपेशी काढून त्या प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. मूलपेशी म्हणजे मोठेपणी कोण व्हायचं हे अजून न ठरवलेल्या पेशी; त्यातून पुढे हृदयाची, मेंदूची, स्वादुपिंडाची कुठलीही पेशी होऊ शकते. काम उत्तमच होतं. जानेवारी १९९५ मध्ये त्याचा पहिला पेटंट अर्ज गेला, आणि दावा केला गेला तो माकडाच्या नव्हे, 'प्रायमेट'च्या पेशींवर. आता प्रायमेटमध्ये कोण कोण येतं? माकडं, चिंपांझी, गोरिला... आणि हो, तुम्ही आम्ही पण :)

माणसाच्या भ्रूणातून अशा पेशी काढल्याचा थॉमसन यांचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला ६ नोव्हेंबर १९९८ ला. पेटंट मंजूर झालं १ डिसेंबर १९९८ ला. म्हणजे पेशी जगापुढे यायच्या आधी तीन वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावरचा दावा रांगेत नंबर लावून उभा होता! २००१ मध्ये दुसरं पेटंट मिळालं, ते तर थेट मानवी पेशींवर.

इथे एक फरक नीट बघायला हवा. पेटंट कृतीचं असू शकतं किंवा वस्तूचं. पुरणपोळीच्या एका कृतीचं पेटंट कोणी घेतलं तर तुम्ही दुसऱ्या पद्धतीने पुरण शिजवाल आणि सुटाल. पण खुद्द पुरणपोळीचंच घेतलं तर? कशीही लाटा, पैसे द्या. थॉमसन यांच्या पेटंटात दोन्ही होतं, आणि अडचण दुसऱ्यामुळे झाली. जिवंत गोष्टीवर पेटंट मिळतं हे अमेरिकेत १९८० मध्येच ठरलं होतं. तो खटला आपल्या बंगालमधून गेलेल्या आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जिवाणूचा, निकाल ५ विरुद्ध ४. पण तो जिवाणू चक्रवर्तींनी घडवलेला होता. भ्रूणातली पेशी कोणी घडवली?

पेटंटांची मालकी थॉमसन यांची नव्हती, वॉर्फ या संस्थेची होती. ही विस्कॉन्सिन विद्यापीठाची संशोधन-निधी संस्था, १९२५ ची. हॅरी स्टीनबॉक यांच्या ड जीवनसत्त्वाच्या पेटंटातून उभी राहिलेली. (रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आजीच्या औषधांच्या डब्यात बघितलं असेल, त्या नावातलं 'वॉर्फ' हेच!) त्या जुन्या पेटंटाच्या वेळी या मंडळींनी मार्गारिनवाल्यांना परवाना द्यायला नकार दिला होता, कारण विस्कॉन्सिन म्हणजे लोण्याचं राज्य. मार्गारिन गरिबांच्या पावावर लागायचं, पण त्याला परवाना नाहीच. चाळीसच्या दशकात कोर्टाने ते पेटंट रद्द केलं. परवाना कोणाला द्यायचा, कोणाला नाही, हा खेळ या संस्थेला नवा नव्हता.

आता पैसा. माकडांवरच्या कामाला सरकारी निधी होता. पण १९९६ पासून अमेरिकेत भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला केंद्राचा पैसा वापरायला बंदी. मग थॉमसन यांना वेगळी प्रयोगशाळा थाटावी लागली आणि खर्च उचलला जेरॉन या कंपनीने. बदल्यात जेरॉनला काही पेशीप्रकारांचे विशेष हक्क मिळाले. वॉर्फशी कोर्टकज्जा होऊन २००२ मध्ये ते मज्जा, हृदय आणि स्वादुपिंड या तीनवर आले. म्हणजे ज्या तीन अवयवांवर सगळ्या जगाचा डोळा, तेच! मला यात खलनायक जेरॉन वाटत नाही. सरकारने नैतिकतेपायी हात काढून घेतला, तेव्हा हात पुढे करणारा किंमत लावणारच.

ऑगस्ट २००१ मध्ये बुश यांनी जाहीर केलं की केंद्राचा पैसा फक्त तोवर तयार झालेल्या सेल लाइन्सना मिळेल. जगभरच्या ६४ लाइन्सची यादी निघाली. त्यात वॉर्फच्या ५, बंगलोरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या ३ आणि चक्क आपल्या मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ होत्या. पण गंमत अशी की पेशी मुंबईत वाढलेली असो की स्वीडनमध्ये, अमेरिकेत तिच्यावर काम करायचं तर ती 'प्रायमेट'चीच.

२००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मूलपेशी संशोधनाला ३ अब्ज डॉलर मंजूर केले, आणि वॉर्फने त्यातही वाटा मागितला. तिथे ठिणगी पडली. २००६ मध्ये तिथल्या एका ग्राहक संघटनेने पेटंटं फेरतपासणीला टाकली. (हळदीचं पेटंट आठवतंय? डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने हीच पायरी वापरून १९९७ मध्ये ते रद्द करवलं होतं.) बाजूने उभ्या राहिल्या संशोधक जीन लोरिंग. मुद्दा साधा होता. उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी १९८१ मध्येच निघाल्या होत्या, तीच पद्धत माणसाला लावणं हे कुठल्याही जाणकाराला सुचलं असतं. थॉमसन यांच्याकडे जास्तीचं काय होतं, तर भ्रूण आणि पैसा.

२००७ मध्ये पेटंट ऑफिसने आधी तिन्ही पेटंटं नाकारली (२००६ चं तिसरंही होतं). दरम्यान वॉर्फने विद्यापीठांसाठी अटी सैल केल्या. २००८ मध्ये पहिली दोन पेटंटं वाचली, पण दावे अरुंद करून: गर्भाशयात रुजण्याआधीच्या भ्रूणातून काढलेल्या पेशी, एवढंच. तिसऱ्याचं भांडण कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये निकाल आला की या ग्राहक संघटनेचं स्वतःचं काही नुकसान झालेलं नाही, तेव्हा तिला अपिलाचा हक्कच नाही. मूळ प्रश्नावर कोर्ट बोललंच नाही. खरं सांगायचं तर मला हे सगळ्यात जास्त खटकतं. युरोपात मात्र वॉर्फचा अर्ज नोव्हेंबर २००८ मध्येच फेटाळला गेला, कारण भ्रूण नष्ट केल्याशिवाय पेशी मिळत नव्हत्या.

त्या अरुंद केलेल्या दाव्याची किंमत लगेच कळली. २००६ मध्ये क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना चार जीन्स देऊन मूलपेशींसारखं बनवलं, आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींनाही. भ्रूण नाहीच, त्यामुळे वॉर्फचा दावा लागू नाही. क्योतो विद्यापीठानेही पेटंट घेतलं, पहिलं सप्टेंबर २००८ मध्ये जपानात, पण उद्देश उलटा: दुसऱ्या कोणी मक्तेदारी करू नये म्हणून. शैक्षणिक संशोधकांना ते फुकट वापरायला दिलं.

वॉर्फच्या पहिल्या दोन पेटंटांची मुदत २०१५ मध्ये संपली. थॉमसन यांच्या १९९८ च्या पाच लाइन्सपैकी एच-१ आणि एच-९ आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत.