फुटलं की सगळंच 'बॉयलर'?

23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, तेव्हा घाईघाईत मीही 'बॉयलर फुटला' असंच लिहून मोकळा झालो. सगळेच लिहीत होते. नंतर कळलं, सरकारी दफ्तरी तिथं बॉयलरची नोंदच नव्हती; स्फोट झाला रिअॅक्टरमध्ये. चूक एका शब्दाची, पण त्या शब्दामागं दीडशे वर्षांहून जुना कायदा आहे.

आपल्या भिवंडीत बॉयलर घरचाच. सायझिंगमध्ये खळ लावलेलं सूत सुकवायला वाफ, डाइंगलाही वाफ. सात किलो प्रेशरवर आतलं पाणी 170 अंशांपर्यंत तापलेलं असतं, तरी दाबामुळं पाणीच राहतं. पत्रा फाटला की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. मग छप्पर उडतं, भिंती पडतात.

यावरचा उपाय दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं सतराव्या शतकातच काढला होता. बंद भांड्यात हाडं शिजवताना त्यानं झाकणाच्या भोकावर वजनाची दांडी ठेवली. दाब वाढला की दांडी उचलते, वाफ निघून जाते. आपल्या कुकरची शिट्टी तीच. पण पुढं इंजिन ड्रायव्हर जास्त वाफेच्या हव्यासापायी व्हॉल्व्हच दाबून ठेवायला लागले! 1855 च्या सुमारास जॉन रॅम्सबॉटमनं दोन व्हॉल्व्ह एकाच स्प्रिंगला असे जोडले की एक दाबला तर दुसरा सैल व्हावा.

भारतात जाग आली ती 1863 मध्ये, कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली तेव्हा. 1864 ला तिथं तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती वेगळे नियम, आणि 1923 ला सगळ्या देशाचा एक कायदा. पत्र्याची जाडी, गंज, वय बघून दाबाची मर्यादा ठरवायची, गेजवर लाल खूण करायची, प्रमाणपत्र द्यायचं ते फार तर बारा महिन्यांचं. चाचणी पाणी भरून करतात, कारण पाणी फारसं दाबलं जात नाही. पत्रा गेलाच तर गळतो, उडत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड हा गुन्हा. 2025 च्या नव्या कायद्यात काही कलमं सौम्य झाली, हे कलम मात्र गुन्हाच राहिलं.

हा पहारा वाफेच्या बॉयलरवर. रिअॅक्टरला 2025 पर्यंत लागू होतं ते 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 31, सुरक्षित दाब ओलांडू देऊ नका असं सांगणारं. आणि खरी भीती इथंच आहे. बॉयलरचा जाळ काढता येतो, रिअॅक्टरमध्ये उष्णता रसायनातूनच निघते. रिअॅक्शन हाताबाहेर गेली की फेस आणि गॅस एकदम वर येतात. वाफेच्या हिशोबानं बसवलेला छोटा व्हॉल्व्ह तिथं अपुरा पडतो. त्यासाठी मोठं तोंड, ठरावीक दाबाला फाटणारी चकती, आणि मुळात त्या रसायनाची चाचणी करून काढलेला हिशोब लागतो. माल बदलला तर हिशोबही नव्यानं.

आता कुठं स्फोट झाला की मी आधी विचारतो, त्यावर बॉयलरचा नोंदणी नंबर ठोकलेला होता का? नसेल, तर आत काय शिजत होतं, आणि व्हॉल्व्हचा हिशोब कुठल्या मालासाठी केला होता?