दिनविशेष : २ मे – अर्धे गवत, अर्धी माती

२००७ : स्पेनमधील मायोर्का बेटावर, पाल्मा येथे रॉजर फेडरर आणि राफेल नदाल यांच्यात टेनिसचा आगळा प्रदर्शनीय सामना रंगला. जाळीच्या एका बाजूला हिरवळ, दुसऱ्या बाजूला लाल माती! गवतावर सलग ४८ सामने जिंकलेला फेडरर सरस की मातीवर सलग ७२ सामने जिंकलेला नदाल, हे पाहण्याची ही गमतीदार कल्पना होती. बाजू बदलताना दोघांनाही बूट बदलावे लागत. त्यासाठी दोन मिनिटे मिळत. घरच्या प्रेक्षकांसमोर नदालने ७-५, ४-६, ७-६ (१२-१०) अशी बाजी मारली. पुढे फेडररने नदालची मातीवरील विजयमालिका २००७मध्येच हॅम्बुर्गला खंडित केली, तर नदालने फेडररची गवतावरील मालिका २००८च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात संपवली.