अवरुद्ध स्त्रीचा निर्वाहाचा हक्क

विवाहाविना पुरुषासमवेत राहणाऱ्या स्त्रीच्या हक्कांचा प्रश्न केवळ आधुनिक आहे, हा समज हिंदू धर्मशास्त्राच्या इतिहासाशी जुळत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘अवरुद्धा’ दासीशी संग करणाऱ्या परपुरुषास ५० पणांचा दंड सांगितला आहे. त्यात रक्षण स्त्रीचे नसून स्वामीच्या ताब्याचे होते. परंतु दायविभागाचे विवेचन करताना मिताक्षराकार विज्ञानेश्वराने वेगळा मार्ग काढला. बेवारस धन घेणाऱ्या राजाने मृताच्या स्त्रियांचे पोषण करावे, या नारदवचनातील ‘स्त्री’ शब्द पत्नीस नव्हे, तर अवरुद्ध स्त्रीस लागू होतो, असे त्याने प्रतिपादिले. निर्वाहाच्या हक्काचे बीज येथे आहे.

ब्रिटिश काळातील न्यायालयांनी हा हक्क मान्य केला; मात्र तो पुरुषाच्या निधनानंतर व त्याच्या मालमत्तेपुरताच. संबंध अनन्य व मरणापर्यंत टिकलेला असावा आणि पुढेही स्त्रीने एकनिष्ठ राहावे, अशा अटी होत्या. अशा स्त्रीचे पुरुषाच्या कुटुंबासह एकाच घरी वास्तव्य असणे आवश्यक आहे काय, हा वाद मुंबईच्या नागूबाई विरुद्ध मोंघीबाई या खटल्यात निघाला. तशी आवश्यकता नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९२६ साली दिला.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने मृताच्या आश्रितांची यादी निश्चित केली. तीत अनौरस अज्ञान मुलगा व अविवाहित मुलगी यांना स्थान मिळाले. त्यांच्या मातेस मिळाले नाही. अधिनियमापूर्वी निधन पावलेल्या पुरुषाच्या मालमत्तेवरील हक्क तेवढा अबाधित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ठरविले. एकपत्नीत्वाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारणेची किंमत अशा रीतीने दुर्बल पक्षासच मोजावी लागली.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक अधिनियमाने ‘विवाहसदृश संबंधा’तील स्त्रीस पुरुषाच्या हयातीतच संरक्षण दिले. तथापि, मुख्यतः शरीरसंबंधासाठी अथवा दासी म्हणून ठेवलेल्या स्त्रीचा संबंध त्या संज्ञेत येत नाही, असे २०१० साली वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणून नव्या तरतुदीस जुन्या हक्काचे पुनरुज्जीवन म्हणता येत नाही. जुन्या हक्काचा आधार आश्रितत्व हा होता, नव्या हक्काचा आधार विवाहाशी साम्य हा आहे. आणि केवळ आश्रित असलेली स्त्री या दोहोंच्या मध्ये निराधार राहिली आहे.