तार गेली, तारेचा कायदा राहिला

पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना आमचं शेत लागतं. त्याच्या मधोमध उच्चदाबाच्या लाईनचा टॉवर उभा आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. आजोबांनी तारांखाली आयुष्यभर कापूस लावला, पण विहिरीपाशी घर बांधायचं काही त्यांना जमलं नाही. ‘जमीन आपली, आभाय त्यासनं,’ एवढंच म्हणायचे. यंदा वडिलांनी घराचा विषय पुन्हा काढला आणि आभाळ ‘त्यांचं’ कधी झालं, हे मी शोधायला बसलो.

उत्तर १८८५ सालात निघालं. त्या वर्षीच्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम १० नुसार सरकारला कुणाच्याही जमिनीवरून किंवा जमिनीखालून तार नेता येते, तिथे खांब रोवता येतो. मिळतो तो फक्त वापराचा हक्क. मालकी शेतकऱ्याचीच राहते. नुकसान कमीत कमी करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. कुणी आडवा आला तर कलम १६ नुसार जिल्हा दंडाधिकारी काम पुढे नेण्याचा आदेश देऊ शकतो. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशाकडे जायचं. थोडक्यात, शेतकऱ्याने ‘किती’ विचारावं, ‘का’ विचारू नये.

हा कायदा केला तेव्हा डोळ्यांसमोर तारायंत्राचा खांब होता. त्याला वळसा घालून औत सहज जातं. पण १९१० च्या वीज कायद्याने, कलम ५१ मधून, हेच अधिकार विजेच्या लाईनींसाठी देण्याची सोय केली. २००३ च्या कायद्यात तीच तरतूद कलम १६४ म्हणून आली. खांबाचा टॉवर झाला, कलमं तीच राहिली.

खान्देशात हा बदल नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १९६० च्या दशकाअखेरीस भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र सुरू झालं. २०१४-१५ मध्ये धुळ्याहून औरंगाबाद आणि वडोदऱ्याकडे ७६५ केव्हीच्या लाईनी गेल्या. अशा एकेरी सर्किटच्या लाईनीसाठी ६४ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. म्हणजे शेतातून १०० मीटर लाईन गेली की सुमारे ६३ गुंठे, दीड एकराहून जास्त जमीन पट्ट्यात येते. तिथे कापूस चालतो; घर, उंच झाडं चालत नाहीत.

तारेच्या उंचीचाही हिशोब आहे. १९५६ च्या नियमांत ३३ केव्हीला जमिनीपासून ५.२ मीटर आणि पुढच्या प्रत्येक ३३ केव्हीला ०.३ मीटर जास्त अंतर सांगितलं होतं. २२० केव्हीला ते साधारण ७ मीटर होतं. उन्हाने तार लांबते, तिचा झोळ वाढतो. म्हणून हे अंतर हिवाळ्यातल्या ताठ तारेवरून ठरवायचं नसतं, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या तारेवरून ठरवायचं असतं.

भरपाई मात्र बहुतेक वेळा पीक आणि तोडलेली झाडं एवढ्यावरच आटपायची. २००७ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जमीन कुठे आहे, लाईन तिच्यावरून कशी जाते, हेही बघायला हवं. मग २०१५ मध्ये केंद्राने टॉवरखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के मोबदला सुचवला. २०२४ मध्ये हे आकडे २०० आणि ३० टक्के झाले. पट्ट्यातल्या जमिनीचंही मोल कमी होतं, हे कागदावर यायला १३० वर्षं लागली. आमचा टॉवर त्याच्या फार आधीचा.

देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा कायदाही मोडीत काढला, पण त्याचा तिसरा भाग वीजवाहिन्यांसाठी शिल्लक ठेवला. कलम १० आणि १६ त्यातच आहेत.

वडिलांनी आता घरासाठी बांधाकडचा कोपरा धरलाय. पाणी तिथून लांब पडेल. त्यासाठी काढलेला सातबारा माझ्यासमोर आहे. त्यात ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. आमच्या उताऱ्यावर तो कोरा आहे.