आईचा स्नायू

आमच्या आईचा एक स्नायू दुखावला आणि त्यापायी भोपाळहून एक अख्खं बिऱ्हाड रात्रीच्या गाडीनं नागपूरला येऊन थडकलं. यात आईचा काही दोष नव्हता. दोष होता एका शब्दाचा.

झालं असं, की संत्र्यांची भरलेली पेटी आईनं एकटीनं पलंगाखाली सरकवली आणि तिच्या पाठीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, "स्नायू ताणलाय. शेक द्या, आठ दिवसांत बरं वाटेल." शेजारचे मिश्राजी त्या संध्याकाळी भोपाळला मुलाकडे ट्रंक कॉल लावणार होते. मुलाचं घर आमच्या ताईच्या घराला लागूनच. मी म्हटलं, ताईलाही तेवढं कळवा, काळजीचं कारण नाही म्हणून. दुसरा कोणी असता तर 'कमर में मोच आयी है' म्हणून मोकळा झाला असता. पण मिश्राजी पडले हिंदीचे मास्तर! त्यांनी माझाच भारदस्त शब्द उचलला आणि निरोप दिला, "माताजी के स्नायु में विकार है. घबराइए मत."

ताई दहा वर्षांची भोपाळकर. हिंदीत स्नायु म्हणजे नर्व्ह, आपला मज्जातंतू. त्यात तिच्या सासूबाई अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी रिक्षातून ताई रडतच उतरली. मागून भाऊजी, दोन पोरं, एक वळकटी. आई ओसरीवर बसून संत्रं सोलत होती. ताईचा चेहरा पाहून तीच घाबरली. "अगं बाई! कोण गेलं?"

आम्ही पोट धरधरून हसलो. ताई मात्र कितीतरी वेळ आईचे हातपाय चाचपून बघत होती. तिनं ती रात्र गाडीत कशी काढली असेल, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

मग मी त्या शब्दाच्या पाठीस लागलो. तर सुश्रुत म्हणतो, शरीरात पेशी पाचशे आणि स्नायू नऊशे. त्याची पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारी दोरी. पुढं मराठीनं स्नायू मांसाला दिला आणि पेशी 'सेल'ला. हिंदीनं पेशी मांसाकडेच ठेवली आणि स्नायु नर्व्हला दिला. बंगाल्यांचंही स्नायूच्या बाबतीत तेच. शिवाय आमच्या नागपुरात कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात, ते वेगळंच!

हिंदीवाल्यांना हसावं, तर तिकडे विलायतेतही हाच घोळ. नर्व्ह हा शब्द लॅटिन 'नर्वुस'वरून आला. त्याचा मूळ अर्थ दोरी, कंडरा, धनुष्याची प्रत्यंचा. ग्रीक 'न्यूरॉन'ही तसाच. हे दोघे संस्कृतातल्या 'स्नावन्'चे सख्खे भाऊ, म्हणजे आपल्या स्नायूचे नातलगच. मज्जातंतूही दिसायला दोरीसारखे, म्हणून तिकडच्या वैद्यांनी कंडरेचं नाव त्यांनाही दिलं आणि पुढं ते त्यांनाच चिकटलं. इंग्रजीत तर 'नर्व्हस' माणूस म्हणजे एके काळी पिळदार, ताकदवान माणूस! आज तोच मुलाखतीच्या दाराशी घाम पुसत उभा असतो.

गंमत अशी, की इंग्रजी शास्त्रीय शब्दांना संस्कृतातून प्रतिशब्द घडवण्याचा प्रचंड कारखाना डॉ. रघुवीर यांनी याच नागपुरात चालवला होता. तेव्हा नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी. १९५६ पर्यंत मराठी आणि हिंदी इथं एकाच सरकारी छपराखाली नांदत होत्या. संस्कृत शब्द घेतला की सगळ्या देशाला तो सारखाच कळेल, हा त्यामागचा भरवसा. शब्द सारखाच ठेवला हो, पण घरोघरी त्याचा अर्थ वेगळा! अनोळखी शब्द असता तर ताईनं "म्हणजे काय?" असं विचारलं तरी असतं. ओळखीच्या शब्दाला कोण विचारतं?

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं आईला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ताईची गाडी त्याच दुपारची होती, आणि यापूर्वी ती माहेरी येऊन तीन वर्षं झाली होती.

"ते नर्वुसबिर्वुस राहू दे," आई म्हणाली, "पण पुढच्या संत्र्यांच्या दिवसांत मिश्राजींना पुन्हा एक फोन करायला सांग."