उजनी जलाशयकाठ (सोलापूर जिल्हा)

सोलापूर जिल्ह्यात करमाळा व माढा तालुक्यांच्या हद्दीत, भीमा नदीवरील उजनी धरणामागे पसरलेला गावांचा पट्टा. समोरचा काठ पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि दौंड तालुक्यांत मोडतो; अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यालाही या पाण्याचा स्पर्श होतो. सोलापूरला समुद्र नाही. पाऊस कमी, ज्वारी-तुरीची कोरडवाहू शेती आणि उन्हाळ्यात टँकर, अशीच या जिल्ह्याची ओळख आहे. तरीही होडी, जाळे, पहाटेचा लिलाव आणि वाऱ्याचा अंदाज घेत चालणारे जगणे बंदराइतकेच रोजचे असलेली वस्ती या जिल्ह्यात आहे, आणि ती याच काठावर.

धरण माढा तालुक्यात टेंभुर्णीजवळ, पुणे–सोलापूर महामार्गालगत उभे आहे. बांधकाम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये संपले. जलाशयाला यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून ‘यशवंतसागर’ म्हणतात. काठावरचे लोक मात्र साधे ‘बॅकवॉटर’ किंवा ‘फुगवटा’ म्हणतात. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त पाण्यापेक्षा मृतसाठाच मोठा. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी उण्यात मोजतात. ‘धरण मायनसमध्ये गेलं’ हे वाक्य इथे चहाच्या टपरीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत ऐकू येते, कारण उधारी कोणाला द्यायची आणि किती, हेही त्यावर ठरते. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरण भरलेही. स्थानिक पावसाचा यात वाटा थोडा. पाणी येते सह्याद्रीतून, पुण्याच्या धरणांतून. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये काठावरची माणसे आभाळाइतकेच ‘दौंडचा विसर्ग’, म्हणजे दौंडहून भीमेतून धरणाकडे येणारे पाणी, किती आहे याकडे डोळे लावून असतात. खाली पाणी किती आणि केव्हा सोडायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी, आषाढीला पंढरपूरची चंद्रभागा, डावा-उजवा कालवा, सीना नदीकडे जाणारा बोगदा या सगळ्यांचा हक्क त्या साठ्यावर आहे. काठावर राहणाऱ्याला मात्र आपल्या दारापुढचे पाणी किती मागे जाणार हे बातमीतूनच कळते.

हे पाणी ज्यांच्या जमिनींवर पसरले, त्यांची गावे उठली. करमाळा तालुक्यात वांगी नं. १, नं. २, नं. ३ किंवा केत्तूर नं. १, नं. २ अशी नावे भेटतात. पुनर्वसनात एकेका गावाचे असे तुकडे झाले. सोयरीक जुळवताना ‘कोणती वांगी?’ हा प्रश्न आजही आधी विचारला जातो. पाणी खूप खाली गेले की जुन्या वास्तू वर येतात: कुगावच्या बाजूला इनामदारांचा वाडा, पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे पळसनाथ मंदिर. ते पाहायला गर्दी होते, फोटो निघतात. म्हातारी माणसे मात्र शिखर बघून थांबत नाहीत. आपली विहीर, आपला बांध, आपली पांद कुठे होती ते नातवंडांना हात करून दाखवतात. लोहमार्गाचेही तसेच. १८५८ मध्ये पुण्याहून रेल्वे पलीकडच्या काठावरील डिकसळपर्यंत आली होती. धरणामुळे मार्ग वळवावा लागला आणि जुना डिकसळ पूल भिगवण आणि करमाळा जोडणाऱ्या रस्त्याच्या कामी आला.

मासेमारी. भीमेवर पूर्वीपासून मासे धरणारे भोई आणि त्यांच्याबरोबर पाण्यामुळे नव्याने या धंद्यात आलेले लोक अशी मिळून ही वस्ती बनली आहे. कोणाची पत्र्याची होडी, कोणाची फायबरची. भांडवल नसेल तर ट्रकच्या ट्यूबवर बसूनही जाळे टाकतात. संध्याकाळी जाळी सोडायची आणि पहाटे अंधारात काढायची, हा नेम. जाळ्यात कटला, रोहू, मरळ, वाम, शिंगाडा मिळतात; पण ढिगात सगळ्यांत जास्त असते ती चिलापी. बाहेरून आलेली ही जात कुठेही तगते आणि भराभर वाढते. भाव कमी, पण रोजची चूल तिच्यावरच पेटते. मरळ किंवा मोठी वाम सापडली तर तो दिवस चांगला.

जाळे काढणे हे एका माणसाचे काम नसते. बहुतेक होड्यांवर नवरा-बायको असतात: एक वल्हे धरतो, दुसरा जाळे ओढून मासा सोडवतो. चिलापीच्या पाठीवरचे काटे बोटात घुसतात, म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळतात. काठावर आल्यावर मोठा, मध्यम, बारीक असा माल वेगळा होतो, क्रेटमध्ये बर्फाचा चुरा पसरतो आणि मोटारसायकलला बांधलेले क्रेट भिगवण किंवा इंदापूरच्या मासळी बाजाराकडे निघतात. तिथे अडतदार ढिगाची बोली लावतो. काही मिनिटांत रात्रभराच्या कामाची किंमत ठरते. अनेकांनी जाळ्यासाठी, होडीसाठी त्याच अडतदाराकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे माल दुसरीकडे नेण्याची मोकळीक राहत नाही. या धंद्यातली खरी अडचण हीच उचल आहे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. मासा कमी मिळणे हा नशिबाचा भाग म्हणता येईल. मिळालेल्या माशाचा भाव आपल्या हातात नसणे हा नशिबाचा भाग नाही.

जाळे शिवणारे, होडीला वेल्डिंग करणारे, बर्फ विकणारे, मासे साफ करून देणाऱ्या बायका असे छोटे व्यवसाय या बाजारांभोवती उभे राहिले. महामार्गावर भिगवण ते टेंभुर्णी ‘उजनीची ताजी मच्छी’ अशा पाट्यांची हॉटेले आहेत. तव्यावर तळलेली चिलापी, काळ्या मसाल्याचा लालभडक रस्सा, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणि कांदा, असे ताट. नारळ, कोकम इथे नाही. घाटावरच्या मटणाच्या रश्श्यात मासा पडला आणि त्याची स्वतंत्र चव तयार झाली.

शेती. पाण्याने गावे नेली, पण उरलेल्या रानाला बागायत दिली. काठावर ऊस आहे आणि कंदर परिसरातली केळी परदेशात जातात. तोडणी, पॅकिंग, क्रेट, वाहतूक यांवर शेकडो घरे चालतात. पण हे पाणी मिळवण्यासाठी शेतकऱ्याला त्याच्यामागे धावावे लागते. पातळी उतरू लागली की काठावरची मोटार उघडी पडते. मग ट्रॅक्टरला बांधून मोटार पुढे सरकवायची, पाइपाचे नवे नळ जोडायचे, केबल लांबवायची. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी मिळून चर खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचे. आणि पहिला लोंढा आला की सगळे घाईने उलटे, नाहीतर मोटार बुडते. उघड्या पडलेल्या गाळावर काहीजण गाळपेर करतात: खत न घालता, ओलीवरच पीक काढायचे, पाणी परतण्याआधी.

लाँच. करमाळ्याच्या काठावरून इंदापूरचा काठ डोळ्यांना दिसतो, पण तिथल्या बाजारपेठेत रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून लाँच. कुगाव ते कळाशी, शिरसोडी अशा फेऱ्यांत माणसे, मोटारसायकली, दुधाचे कॅन, दवाखान्याला निघालेले आजारी असे सगळे एकत्र जातात. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि लहान मुलांसह सहाजण बुडाले. एकजण पोहून काठाला लागला. या पाण्यावरचा वारा दुपारनंतर अचानक उठतो, हे इथला प्रत्येक नावाडी जाणतो. तरी अनेक वर्षे लोक लाइफ जॅकेटशिवाय प्रवास करत होते, कारण जवळचा दुसरा मार्ग नव्हता. शिरसोडी–कुगाव पुलाची मागणी म्हणूनच जुनी.

पक्षी. हिवाळ्यात रोहित, चक्रवाक, पट्टकदंब येतात. पर्यटकांचा ओघ मुख्यतः पलीकडच्या कुंभारगाव, डिकसळकडे. तिथल्या मच्छीमारांनी होडीतून पक्षी दाखवायला सुरुवात केली आणि घरांत जेवणाची, मुक्कामाची सोय केली. पाणी खाली गेले की मासा आटतो, पण चिखलाच्या उथळ पट्ट्यात रोहित पक्षी वाढतात, म्हणून वाईट वर्षी हीच कमाई हात देते. सोलापूरच्या बाजूला केत्तूरजवळही पक्षी येतात. रस्ते आणि सोयी मात्र कमी.

पाण्याची स्थिती. पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येते. उन्हाळ्यात पाणी हिरवे होते, जलपर्णी अडकते, हातापायांना खाज सुटते. जुन्या नदीत मिळणाऱ्या कित्येक जाती जाळ्यात येत नाहीत, असे वयस्क भोई सांगतात. त्यातच ‘सकर’ नावाचा, मत्स्यालयांतून सुटलेला परदेशी मासा पसरला. त्याला गिऱ्हाईक नाही, अंगावर कठीण कवच असते आणि त्याला सोडवताना जाळे फाटते. बारीक आसाच्या ‘वडाप’ जाळ्यांनी बोटाएवढी पिल्ले उपसली जातात, हा स्थानिक मच्छीमारांचा जुना राग आहे. कारवाई होते, होड्या जप्त होतात, आणि काही दिवसांनी तीच जाळी पुन्हा पाण्यात दिसतात. अलीकडे जलाशयात मत्स्यबीज सोडले गेले. ते मोठे होण्याआधी वडापात सापडू नये, पावसाळ्याच्या तोंडाशी विणीच्या माशाला हात लागू नये आणि वरून येणारे पाणी शुद्ध करून सोडावे, अशा मच्छीमारांच्या मागण्या आहेत. यातली शेवटची पुण्यात पुरी व्हायची आहे. पहिल्या दोन मात्र इथेच, काठावर नियमित गस्त घातली तरी पुऱ्या होऊ शकतात.